नाळेचं टेकाड

करंजठाणच्या फाट्यावर उतरून ओढ्याच्या अंगानं चालत आलात, की गावाच्या अलीकडे एक टेकाड लागतं. टेकाड म्हणजे डोंगरबिंगर नव्हे, उंच माणसाच्या डोक्यावर दुसरा माणूस उभा केला तर जेवढं होईल तेवढंच. पण आसपास सगळा तांबडा मुरूम, कुदळ मारली तर ठिणगी उडेल असा, आणि हे एवढंच टेकाड काळंभोर, हाताला भुसभुशीत आणि ऐन चैत्रात हिरवं. शिकलेसवरलेले पाहुणे येतात, चिमूटभर माती उचलतात, वास घेतात आणि ही इथं आली कुठून म्हणून कोड्यात पडतात. आम्ही त्यांना आधी हात धुवायला लावतो आणि मग सांगतो.

माथ्यावर नांदरूक आहे. वडाच्याच कुळातलं झाड, पान खुडलं की पांढरा चीक येतो. त्याच्या फांद्यांना गोणपाटाची गाठोडी लोंबताना दिसतील. ती मधाची पोळी नव्हेत, फार जवळ जाऊ नका. गाय-म्हैस व्याली की वासरामागून तिची वार पडते, नाळेसकट. ती काडात गुंडाळून चिकाच्या झाडाला बांधायची. कुत्र्याच्या तोंडी लागली तर जनावर आटतं, झाडाला राहिली तर झाडाच्या चिकासारखा दुधालाही तुटवडा पडत नाही, अशी समजूत. हे पुष्कळ गावांत करतात, त्यात आमचा काही पराक्रम नाही.

पराक्रम झाडाखाली चालतो. एखाद्या घरच्या बारशाच्या दिवशी आलात तर एक म्हातारा बोडक्या डोक्यानं गुडघ्यावर बसून हातानं माती उकरताना दिसेल आणि भोवती कडं करून बायका त्याला शिव्या घालत असतील. नव्या माणसाला वाटतं, भांडण लागलंय. एकदा एक सज्जन मध्ये पडले, तर त्यांच्याही आजी-पणजीचा उद्धार झाला. आम्हा करंजठाणच्या बायकांची तोंडं एरवीही साखरेत घोळलेली नाहीत, सोयरीक जुळवताना गाव ही गोष्ट जरा मागेच ठेवतं. पण त्या दिवशीच्या शिव्या आमच्या पदरच्या नव्हेत. त्या साळूच्या.

ही साळू कधी होऊन गेली, ते कुणी नक्की सांगत नाही. ओढ्याला बारमाही पाणी होतं आणि गावात हैबती पाटलाच्या म्हशींचं नाव होतं, तेव्हाची गोष्ट, एवढंच सांगतात. साळू या हैबतीची सून. घाटाखालच्या कुठल्याशा वाडीतून आलेली, अंगानं किडकिडीत, बोलायला त्याहून कमी. हिच्या तोंडात जीभ आहे की नाही, अशी तिच्या सासूला, बयाबाईला, शंका होती म्हणे. ती पुढे फिटली.

त्या काळी गावाची रीत अशी. मुलगा झाला की त्याची नाळ उंबऱ्याच्या आत पुरायची, म्हणजे तो घर धरून राहतो. मुलीची नाळ पुरायची नाही. पुरली तर तिचा जीव माहेरच्या मातीत अडकतो आणि पोर सासरी नांदत नाही. म्हणून ती सुपात घ्यायची आणि उकिरड्यावर टाकून यायची. कुणी वाईट मनानं करत नव्हतं. वाईट मनानं केलं असतं तर एखाद्याला रात्री झोप तरी लागली नसती.

साळूला पहिली मुलगी झाली, गोजरी. बयाबाई सूप घेऊन गेली आणि रिकामं सूप घेऊन आली. दुसऱ्या दिवशी साळूनं ताटीच्या फटीतून बाहेर बघितलं, तर उकिरड्यावर दोन कुत्री. एकाच्या तोंडात एक टोक, दुसऱ्याच्या तोंडात दुसरं, आणि मध्ये ताणलेलं काय आहे ते तिनं ओळखलं. राग तिनं शेणासारखा थापला आणि वाळत घातला. वाळलेली गोवरी कशी पेटते ते चुलीपुढं बसणारीला सांगायला नको.

गोजरी चालायला लागली, तोवर साळूला पुन्हा दिवस गेले. त्याच सुमाराला हैबतीची शेवंती गाभण होती. शेवंती म्हणजे त्याची जीव की प्राण म्हैस, शिंगं मागं वळलेली, कपाळावर चांदणी. साळूचं बाळंतपण गोठ्याच्या टोकाला, मध्ये फक्त गवताची ताटी. योगायोग असा की तांबडं फुटताना ताटीच्या दोन्ही बाजूंना कळा सुरू झाल्या.

आता हे ध्यानात ठेवा, की त्या घरात सासरा सुनेशी बोलत नसे. पाणी हवं असलं तरी भिंतीला उद्देशून म्हणायचा. साळू लग्न होऊन आल्यापासून हैबतीनं तिच्याशी थेट एक शब्द काढला नव्हता. आणि त्या पहाटे ती दात आवळून पडली असताना ताटीपलीकडून त्याचा आवाज यायला लागला. असा मऊ आवाज या माणसाच्या घशात आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. "बाई गं, थोडी कळ काढ. झालंच बघ आता. मी हाय न्हवं हितं." म्हशीला सांगत होता.

शेवंतीला पारडी झाली. हैबतीनं हर्षानं हाक मारून घर जागं केलं. लक्ष्मी आली म्हणाला. पारडीच्या अंगावरचं सगळं आपल्या उपरण्यानं पुसलं. मग वार पडायची वाट बघत गुडघ्यावर बसला, आणि पडली ती डोक्याचं पागोटं बाजूला काढून ठेवून दोन्ही हातांत झेलली, मातीला लागू दिली नाही. नव्या काडात गुंडाळून, हळद-कुंकू वाहून, या वयात स्वतः नांदरुकावर चढला आणि बांधून आला.

तो परत आला, तेव्हा ताटीअलीकडे साळू मोकळी झाली होती. गावची सुईण आवडाई, तिनं आतून सांगितलं, नात झाली.

पलीकडं पारडीच्या अंगावरून हात फिरत राहिला. मग हैबतीनं बायकोला सांगितलं, "ऊन व्हायच्या आत उकिरड्यावर टाकून या. माश्या व्हत्यात. शेवंतीला तरास नको."

आवडाईनं दोरा बांधला होता. विळा निखाऱ्यावर धरून निववला होता. तो नाळेजवळ नेला आणि साळूनं तिचं मनगट पकडलं. बाळंतपणात जेवढा जोर कुणी लावला नसेल, तेवढा त्या मुठीत होता, असं आवडाई पुढं जन्मभर सांगायची.

"आवडाई, इळा खाली ठेव. न्हाई कापायची."

वार पडली ती साळूनं सुपात घेतली. लेक छातीशी, सूप डाव्या हातावर, दोन्हींच्या मध्ये नाळ, आणि ती उठली. मागच्या दारानं नव्हे, ओटीवरून, पुढच्या दारानं निघाली. सोयरातली बाई उंबरा ओलांडते म्हटल्यावर बयाबाई आडवी आली. साळू थांबली नाही, सासूच बाजूला झाली. सकाळची वेळ, बायका पाण्याला निघालेल्या, गडी गुरं सोडत होते. सगळा गाव जागच्या जागी उभा राहिला. साळू नांदरुकाखाली आली, शेवंतीची वार जिथं टांगली होती बरोबर त्याच्या खाली बसली आणि पाठ खोडाला टेकली.

लोक जमले. अशी नाळेसकट पोर घेऊन बसलेली बाई कुणी कधी बघितली नव्हती. कुणी म्हणालं, बाळंतवारं लागलं. कुणी म्हणालं, पोरीचा जीव नाळेतून मागं जाईल. आवडाई ऊन पाणी घेऊन आलीच होती, तिनं नाळ चिमटीत धरून बघितली. ठोका थांबलाय, आता घाई नाही, म्हणाली. पण सुपातलं मांस आहे, उद्याचं ऊन चढलं की ते नासणार आणि मग पोरीच्या पोटाला बाधणार. तिनं त्यावर हळद आणि मीठ चोळलं. साळूला हवं ते करायला उद्याच्या उन्हापर्यंतच वेळ होता, आणि तिला काय हवं होतं ते तिनं एकदाच सांगितलं.

"पारडीची वार झाडाला, आन् माज्या लेकीची उकिरड्याला. माज्या लेकीला जागा द्या. दिली की कापीन."

नवरा आला. शिदू त्याचं नाव. भला माणूस, फार भला, म्हणजे काही उपयोगाचा नाही. खाली मान घालून उभा राहिला. घरी चल म्हणाला, लोक हसतात म्हणाला. साळूनं त्याच्याकडे बघितलं. "धनी, तुमची नाळ उंबऱ्याखाली हाय. जीभबी तितंच पुरली का?" शिदू आला तसा परत गेला. पण जाताना अंगावरचं घोंगडं तिच्या पायांवर टाकून गेला, हेही सांगतात. भल्या माणसांचं असंच.

मग हैबती आला. तो अर्थातच सुनेशी बोलला नाही. झाडाशी बोलावं तसं वर बघून म्हणाला, कुणीतरी तिला समजवा, लेकीची नाळ पुरली तर लेक नांदत नाही. आता साळूनं डोक्यावरचा पदर मागं टाकला. सासऱ्यापुढं.

"माजी नाळ उकिरड्यावरच टाकली व्हती, मामंजी. मंग तुमी सून करून आणलीत, का उकिरड्यावरनं उचलून आणलीत, तेवडं सांगा."

गर्दीत कुणीतरी बाई हसली. हैबतीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आणि रागाच्या भरात त्यानं ती चूक केली, जी म्हशीवर एवढी माया करणाऱ्या माणसानं करायची नव्हती. खाली सोयरातली बाई बसली, माझ्या म्हशीच्या वारेला विटाळ होतो, असं म्हणत तो झाडावर चढला आणि बांधलेली वार सोडून खाली आणली. म्हातारी माणसं नको नको म्हणत होती. बांधलेली वार वाळून आपोआप गळायची, माणसानं सोडायची नसते, हे त्यानंच कितीजणांना शिकवलं होतं. पण त्यानं ऐकलं नाही. गाठोडं नेऊन आपल्या बांधावरच्या उंबराला बांधलं.

त्याच सांजेला शेवंतीनं पान्हा चोरला. हैबतीनं पेंड घातली, गूळ घातला, बाजरीच्या घुगऱ्या शिजवून घातल्या, कासेला ऊन पाण्याचा शेक दिला. पारडी ढुशा मारून मारून थकली, पण थेंब नाही. आटलीही नव्हती, कास टरटरून भरलेली, आणि देत नव्हती. बाईमाणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

इकडं झाडाखाली काय झालं, तर बायका यायला लागल्या. पहिलीनं आंबील आणली. दुसरीनं चिंध्या आणल्या. आणल्या आणि बसल्या. कुणी कुणाला विचारलं नाही, पण एकेकीनं सांगायला सुरुवात केली. माझ्या थोरलीची कुत्र्यानं नेली. माझीची डुकरानं. माझीची घारीनं उचलली तेव्हा मी धुणं वाळत घालत होते, आणि तशीच वाळत घालत राहिले. इतकी वर्षं एका ओढ्यावर पाणी भरत होत्या, पण हे कुणी कुणाला बोललं नव्हतं. सकाळ झाली तेव्हा साळूभोवती बायकांचं कडं होतं, आणि एकीच्याही घरची चूल पेटली नव्हती.

दिवस उजाडला तसं शेवंतीनं दावं तोडलं. म्हैस वार शोधत उंबराकडं जाईल, असं सगळ्यांना वाटलं. ती गेली नाही. ती बायकांचं कडं फोडून सरळ नांदरुकाखाली आली, सुपाचा वास घेतला, लेकीचा वास घेतला आणि खरबरीत जिभेनं तिचं कपाळ चाटलं. लेक रडायला लागली. आणि लेक रडली तशी शेवंतीच्या चारी सडांतून धारा सुटल्या, कुणी हात लावला नाही तरी. दूध मुरमात सांडत राहिलं. असं सांगतात. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. आम्हाला खरं वाटतं.

हैबतीनं म्हैस घरी नेली. घरी नेली की पान्हा बंद. पुन्हा झाडाखाली आणली. लेक रडली की धार. शेवटी पारडीला मान वर धरवेना, तेव्हा तो तिला दोन्ही हातांवर घेऊन आला आणि तिथंच कासेला लावली. पारडी चुटूचुटू प्यायली. तो बघत उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

साळूनं ते पाणी बघितलं, आणि तिचा राग तेव्हा खरा पेटला.

"पारडीसाठी आलात," ती म्हणाली. "नातीसाठी काल यायचं व्हतं."

मग बायकांनी तोंड सोडलं. काय काय बोलल्या ते इथं सांगण्यासारखं नाही. आणि सांगायचं नाही असंही नाही, बारशाला या म्हणजे ऐकायला मिळेल. पाटलाला पाटील कुणी म्हटलं नाही. म्हशीचा नवरा म्हटलं, कुत्र्यांना जेवणावळ घालणारा म्हटलं. हैबती ऐकून घेत होता, कारण ऊन चढत होतं, पारडी अजून पीत होती, आणि जायला दुसरी जागा नव्हती. शेवटी त्यानं पागोटं काढून बाजूला ठेवलं आणि गुडघ्यावर बसला. कुणीतरी गडी कुदळ घेऊन पुढं आला. बायकांनी त्याला परतवलं. म्हशीची वार हातानं झेलली, तर मातीही हातानं उकरायची.

हैबतीनं वर बघितलं. झाडाकडं नव्हे, भिंतीकडं नव्हे, सुनेच्या तोंडाकडं. आणि म्हणाला, "कुठं पुरू?"

लग्न होऊन आल्यापासून सासरा तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द.

गोजरी आजीचं बोट धरून कड्याच्या बाहेर उभी होती, साळू तिच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आदी थोरलीची आणा."

थोरलीची कुठून आणायची? ती उकिरड्यावर गेली, कुत्र्यांनी ओढली, काही राहिलं असेल तर खतात मिसळलं.

"मंग उकिरडा आणा," साळू म्हणाली.

तेव्हा बयाबाई पुढं आली. आदल्या दिवसापासून ती बाजूलाच होती. नवऱ्याचा कैवार घेऊन म्हणाली, अगं सगळा कशाला, बांधाकडच्या कोपऱ्यात टाकली होती, मीच टाकली होती, तेवढी पाटीभर माती आणतील ते.

साळूनं सासूला विचारलं, "आन् वन्संची कुठल्या कोपऱ्यात टाकली व्हती, आत्याबाई?"

वन्सं म्हणजे बयाबाईची लेक. ती लग्न करून दूर गेली होती आणि पहिल्याच बाळंतपणात गेली होती. बयाबाईला तो कोपरा आठवत नव्हता. ती वळली, घरी गेली, शेणाची पाटी घेऊन आली आणि नवऱ्याच्या पुढ्यात टाकली.

"सगळा आणा," ती म्हणाली.

हैबतीनं उकिरडा आणला. पागोट्याचा नव्हता आधार, म्हणून बोडक्या डोक्यावर पाटी, खताचं पाणी गालावरून ओघळतंय, आणि दोन्ही बाजूंनी बायका. पहिली पाटी झाडाच्या बुंध्याशी पडली, तेव्हा साळूनं आवडाईकडं हात केला. आवडाईनं विळा पुन्हा निखाऱ्यावर धरला आणि नाळ कापली. सूर्य तोवर डोक्यावर यायचा होता. नाळ आणि वार मडक्यात घालून झाकली आणि साळू लेकीला घेऊन आडवी झाली, पण घरी गेली नाही.

कारण उकिरडा एका पाटीत संपत नाही. आणि हैबतीचा उकिरडा हलला तशी कड्यातली दुसरी बाई उठली आणि आपल्या नवऱ्याला म्हणाली, आमचा? मग तिसरी. गावातल्या गड्यांनी आपापले उकिरडे डोक्यावरून वाहिले, पिढ्यान् पिढ्यांचे, तळाच्या काळ्या मातीपर्यंत. नांदरुकाच्या मुळ्या बुडाल्या, मग बुंधा बुडाला. तुम्ही चिमटीत धरून वास घेतलात ते हे टेकाड. यात गावच्या सगळ्या लेकी आहेत, कोण कुठं आहे ते कुणालाच ठाऊक नाही.

सगळा ढीग झाल्यावर हैबतीनं शेवंतीची वार उंबरावरून आणून पहिल्या फांदीला बांधली. मग टेकाडावर गुडघ्यावर बसला आणि पुन्हा विचारलं, कुठं पुरू.

"हितं," साळू म्हणाली. "शेवंतीच्या वारेखाली. तुमच्या उंबऱ्यात नको. येनाऱ्या-जानाऱ्याला दिसंल अशी."

हैबतीनं उकरलं आणि पुरलं. त्या सांजेपासून शेवंती घरच्या गोठ्यात दूध द्यायला लागली, असं सांगतात.

इथं पाहुणे विचारतात, मग हैबतीचं मन पालटलं ना? चांगली माणसं असतात, त्यांना गोष्टीचा शेवट गोड लागतो. तर तसं कुणी सांगत नाही. तो म्हशीसाठी वाकला. नातीसाठी वाकला, असं म्हणायला करंजठाणात आजवर एकही बाई तयार झालेली नाही. म्हणून तर शिव्या संपल्या नाहीत. त्यानं आपणहून विचारलं असतं तर एका दिवसात भागलं असतं.

आता बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात होतात. वार तिथंच राहते, डॉक्टरांना काही बोलता येत नाही. पण बाळाच्या बेंबीला राहिलेला नाळेचा खुंट वाळून गळून पडतो, तो आई पदराच्या गाठीत बांधून आणते. मुलीचा आणते, मुलाचाही आणते. उंबऱ्याखाली आता कुणाचीच नाळ पुरत नाहीत, आणि मुलं घर सोडून जातात ती काही त्यामुळं नव्हे. शिकलेल्या सुना सुरुवातीला लाजतात. एकदा ते कडं झालं, की त्यांनाही शब्द सुचतात. कुठून सुचतात ते विचारू नये.

आजही घरातला थोरला पुरुष टोपी काढतो, ज्याला टोपी नाही तो कानातली मोबाइलची वायर तरी काढतो, आणि टेकाडावर गुडघे टेकतो. आजही शेजारच्या फांदीवर कुणाच्या तरी म्हशीची वार लोंबत असते आणि माश्या घोंगावत असतात. आजही तो वर बघून सुनेला विचारतो, "कुठं पुरू?"

आणि आजही ती लगेच सांगत नाही. बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेते, पदर सारखा करते, ओढ्यापलीकडं बघते. ऊन चढू देते.